लहान जातीचं पिल्लू आणि त्याचं पोट



या कार्यक्रमात आपण बहुतेक वेळा भातपिकाचं बोलतो, गाईम्हशींचं बोलतो, फार तर शेळ्या-कोंबड्यांचं. आज विषय आहे कुत्र्याच्या पिल्लाचा. कुणी म्हणेल, कुत्र्याचं ते काय शिकायचं? उरलंसुरलं घातलं की ते आपोआप वाढतं. गावठी कुत्र्याच्या बाबतीत हे बरंचसं चालून जातं. पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता वेगळ्या जातीची पिल्लं घरोघर दिसू लागली आहेत. नेरळ, कशेळे, कडाव, चौक या बाजूला शेतघरं आणि बंगले झाले. त्यांच्या मालकांबरोबर मुंबईहून ही पिल्लं येतात आणि राखणदाराच्या घरात वाढतात. आपली तरुण मुलंही हौसेनं पिल्लू विकत घेतात आणि पिशवीत घालून लोकलनं घरी आणतात. कुणी पग आणतो, कुणी शिह त्झू, कुणी लासा, कुणी डॅशहाउंड. आपण ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतो तो बहुतेक वेळा स्पिट्झ असतो. जात कोणतीही असो, हे पिल्लू ओंजळीत मावेल एवढं असतं आणि घरात आल्यावर पहिल्या आठ-पंधरा दिवसांत त्याचं पोट बिघडण्याची शक्यता फार.

नेहमी घडणारा प्रकार सांगतो. रविवारी पिल्लू घरी येतं. प्रवासानं दमलेलं, आईपासून तुटलेलं. घरातली माणसं प्रेमळ. म्हशीचं दूध वाटीभर पुढे ठेवतात. रात्री भात आणि सुकटीचं कालवण. सोमवारी मुलं बिस्किटं चारतात. सोमवारी संध्याकाळी पातळ शी होते. "दूध सोसलं नाही, होईल बरं," असं म्हणून मंगळवार जातो. बुधवारी पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं. राखणदाराच्या मनात येतं, शेठना आत्ता फोन केला तर रागावतील, उद्या बघू. गुरुवारी दवाखान्यात नेतात तेव्हा पिल्लाचं अंग गार पडलेलं असतं. अशा वेळी डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नाही.

या प्रकारात कुणी दुष्टपणा केलेला नाही. चूक झाली ती हिशेबात. म्हैस एक दिवस कमी खाते तेव्हा आपण एक दिवस वाट पाहतो, आणि तो अंदाज अनेकदा बरोबरही ठरतो. तोच अंदाज आपण पिल्लाला लावतो. तो तिथे लागू पडत नाही. का पडत नाही, ते समजून घेऊ.

एक किलोचा हिशेब

दोन महिन्यांचं लहान जातीचं पिल्लू साधारण एक किलोच्या आसपास भरतं. जनावराच्या वजनाच्या दहा टक्के पाणी अंगातून गेलं की जीव धोक्यात येतो. एक किलोचे दहा टक्के म्हणजे १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा ग्लास पाणी. तीन-चार पातळ जुलाब आणि दोन उलट्या यांत एवढं पाणी सहज निघून जातं. मोठ्या कुत्र्याला जे दोन दिवसांत होईल, ते या पिल्लाला एका रात्रीत होतं.

दुसरी गोष्ट साखरेची. या पिल्लाच्या अंगात साठा असा नसतोच. काही तास पोटात अन्न गेलं नाही की रक्तातली साखर उतरते. पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, थरथरतं, मान टाकतं, कधी झटके येतात. म्हणून "पोट बिघडलंय, आज लंघन घालू" हा मोठ्यांचा उपाय पिल्लाला करू नका. पिल्लू असं मलूल दिसलं तर बोटावर थोडं ग्लुकोज, मध किंवा साखरेचं घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. हिरड्यांना चोळायचं, फडक्यात गुंडाळून ऊब द्यायची आणि लगेच दवाखान्याकडे निघायचं.

पहिला आठवडा

पोट बिघडू नये म्हणून पहिल्या आठवड्यात काय करायचं?

पिल्लू घेताना वय विचारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांप्रमाणे मनाई आहे. त्याहून लहान पिल्लू आईच्या दुधावरच असायला हवं. ते कितीही गोजिरवाणं दिसलं तरी आणू नका.

विकणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारा, याला आजवर काय खायला घालत होता? तेच खाणं आठ दिवसांचं बरोबर घ्या. पहिले तीन-चार दिवस तेच द्या. मग तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, दोन दिवसांनी निम्मं-निम्मं, असं करत आठवड्याभरानं पूर्ण नव्या खाण्यावर आणा. गाईला एकदम नवा चारा घातला तर पोट बिघडतं हे आपल्याला ठाऊक आहे. पिल्लाचंही तसंच आहे.

खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. एकदाच भरपूर नको. रात्रीचं शेवटचं खाणं निजायच्या आधी आणि पहिलं खाणं उजाडताच. पाणी उकळून गार केलेलं, स्वच्छ भांड्यात, सतत समोर असावं. पावसाळ्यात विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी गढूळ होतं तेव्हा हे विसरू नका.

दुधाबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. आईचं दूध सुटलेल्या पिल्लाला गाईम्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांशही जास्त. वाटीभर दुधानं पिल्लू गुटगुटीत होत नाही, त्याला जुलाब होतात. दूध बंद केलं म्हणून त्याचं काही अडत नाही.

आपल्या घरातल्या काही वस्तू मात्र त्याच्या तोंडात जाताच कामा नयेत. सुकट, जवळा, बोंबलाची डोकी यांत मीठ फार. थंडीत आपल्याकडे पोपटी लागते. मडक्यातल्या कोंबडीची हाडं पिल्लाला टाकू नका. शिजलेलं हाड फुटतं, त्याची टोकं आतड्यात रुततात. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस गिळलं तर आतडं बंद होतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषारी आहेत. बिनसाखरेच्या च्युइंगमात झायलिटॉल नावाचा पदार्थ असतो, तोही जीवघेणा आहे. घरात उंदराचं औषध किंवा फवारणीचं औषध असेल तर ते उंच आणि बंद जागी ठेवा.

शी बघायला शिका

बंधूंनो, गुराचं शेण बघून त्याची तब्येत ओळखणारी माणसं आपल्यात आहेत. तीच नजर इथे वापरायची.

शी थोडी सैल आहे, पण पिल्लू खेळतं, खातं, उलटी नाही: बहुधा खाणं बदलल्याचा किंवा जास्त झाल्याचा परिणाम.

शीमध्ये शेंबडासारखा चिकट पदार्थ: आतड्याला सूज आहे. जंत किंवा सूक्ष्म परजीवी असू शकतात, शी तपासून घ्यावी.

शीमध्ये किंवा उलटीत पांढरे, शेवयांसारखे लांब किडे, पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या दिसताहेत: जंत झाले आहेत.

काळी, डांबरासारखी शी आणि हिरड्या पांढुरक्या: आत रक्त जातं आहे. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत असू शकतात.

पाण्यासारखे, लालसर, अतिशय घाण वासाचे जुलाब, त्याआधी उलट्या, आणि पिल्लू पार गळून गेलेलं: हा पार्व्हो असू शकतो. इथे एक तासही दवडायचा नाही.

जंत

पिल्लू स्वच्छ घरात जन्मलं तरी त्याला जंत असतात. आईच्या पोटात असतानाच आणि नंतर तिच्या दुधातून ते पिल्लाकडे येतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी देतात. विकणाऱ्यानं "जंताचं दिलंय" असं तोंडी सांगितलं तर त्यावर भागवू नका. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, ते लिहून घ्या.

औषधाचा डोस वजनावर ठरतो. पिल्लाला पिशवीत घालून वाण्याच्या तराजूवर तोला आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. गोठ्यात गुरांचं जंताचं औषध पडलेलं असतं, त्यातलंच दोन थेंब देऊ, असं कृपा करून करू नका. तीनशे किलोच्या जनावरासाठी बनवलेलं औषध एक किलोच्या पिल्लाला अंदाजानं देता येत नाही. त्यातून पिल्लं दगावतात.

जंतांचा प्रश्न फक्त पिल्लाचा नाही. त्यांची अंडी शीमधून अंगणात पडतात, मातीत पिकतात आणि मुलांच्या हातातून तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. म्हणून पिल्लाची शी रोजच्या रोज उचला आणि विहिरीपासून, भाजीच्या वाफ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. पिल्लाशी खेळल्यावर मुलांनी साबणानं हात धुतलेच पाहिजेत.

पार्व्हो

हा रोग १९७८ साली जगभर दिसून आला आणि आता सगळीकडे आहे. हा विषाणूचा रोग आहे. तो माणसाला किंवा गुरांना होत नाही, पण पिल्लांचा काळ आहे. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. म्हणजे रविवारी आणलेलं पिल्लू पुढच्या शुक्रवारी आजारी पडलं, तर रोग ते आणतानाच घेऊन आलेलं असू शकतं. विषाणूला मारणारं खात्रीचं औषध सर्वत्र मिळत नाही. सलाइन, उलटी थांबवणारी औषधं आणि शुश्रूषा यांवर पिल्लू तगवायचं असतं. उपचार वेळेवर मिळाले तर बरीचशी पिल्लं वाचतात. उपचार नसले तर बहुतेक दगावतात.

यावर खरा उपाय लशीचा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा, असं सोळा आठवड्यांपर्यंत. एक टोचून थांबलात तर काम अर्धवट राहतं, कारण आईकडून मिळालेली शक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर लशीचा गुण पुरता येत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर वेगळी द्यायची. आपल्या भागात पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. त्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

लशी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बाजारात, दुसरी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका. आणखी एक सांगतो. ज्या घरात पार्व्होनं पिल्लू गेलं, तिथे विषाणू जमिनीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. मन रमावं म्हणून लगेच दुसरं पिल्लू आणलं तर तेही जातं. नुसत्या फिनेलनं हा विषाणू मरेल असं धरून चालू नका. आधी घाण आणि माती पूर्ण काढा, मग एक भाग द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण फरशीवर दहा मिनिटं राहू द्या आणि नंतर धुऊन टाका. ब्लीचमध्ये ऍसिड किंवा दुसरं काही मिसळू नका. मातीचं अंगण असं धुता येत नाही. तिथे लस न झालेलं पिल्लू वर्षभर न आणणं हेच शहाणपण.

घरी काय करता येतं

पिल्लू खेळतंय, उलटी नाही, रक्त नाही, फक्त एक-दोनदा सैल शी झाली आहे, अशा वेळीच घरी उपाय करावा. दूध, बिस्किटं आणि तेलकट खाणं बंद. मऊ शिजवलेला भात आणि त्यात बिनहाडाची उकडलेली कोंबडी कुस्करून, मीठ-मसाला-कांदा न घालता, दोन-दोन चमचे करून दिवसातून पाच-सहा वेळा द्या. घरात कोंबडी चालत नसेल तर मऊ भात आणि चमचाभर ताजं, बिनसाखरेचं दही चालून जातं. सरकारी दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. त्यातलं चमचा-चमचा पाणी पंधरा-वीस मिनिटांनी पुढे करा. ते आपणहून चाटेल तेवढंच. नाक धरून पाजू नका.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. जुलाब बंद करणारी गोळी लहान पिल्लाला घातक ठरते. विष किंवा जंतू आतच अडकून राहतात. तापाची पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड आणि जठर खराब होतं. अफूचा तुकडा, दारूचा थेंब, लसणीची फोडणी हेही उपाय नव्हेत.

दोन खुणा घरच्या घरी बघता येतात. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच जागेवर बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. मग ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. पांढरट, कोरडी किंवा चिकट हिरडी धोक्याची.

घड्याळ बघा

आता आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिली पातळ शी दिसली की घड्याळात किती वाजले ते बघा आणि लिहून ठेवा. तिथून बारा तासांत पिल्लू सुधारलं नाही तर दवाखाना. आणि पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर बारा तासही थांबायचं नाही: दोनदा उलटी झाली, शीमध्ये रक्त आलं, पिल्लानं लागोपाठ दोन वेळचं खाणं सोडलं, ते मलूल झालं, हिरडी पांढरी पडली, पोट फुगून टणक झालं, किंवा काही गिळल्याचा संशय आला.

जाताना शीचा थोडा नमुना स्वच्छ बाटलीत घ्या. लशीचं कार्ड, जंताच्या औषधाचं वेष्टण आणि वजनाचा आकडा बरोबर असू द्या. पार्व्होची शंका असेल तर आधी फोन करून सांगा आणि पिल्लाला दवाखान्याच्या जमिनीवर ठेवू नका. तिथे दुसरीही पिल्लं येतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आणि जवळच्या खाजगी डॉक्टरांचा फोन आजच भिंतीवर लिहून ठेवा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा मोठा जुना दवाखाना आहे. पण कर्जतहून मुंबई लोहमार्गानं शंभर किलोमीटर. हगवणीनं सुकलेल्या पिल्लाला आधी जवळ मिळेल तिथे सलाइन लावून घ्या, मग पुढे नेण्याचा विचार करा.

शेवटी दोन शब्द, शेतघरांच्या मालकांना आणि राखणदार बंधूंना. पिल्लू आणलं त्याच दिवशी आपसात ठरवून टाका: आजारी पडलं तर विचारायला न थांबता दवाखान्यात न्यायचं, आणि खर्च मालकानं द्यायचा. त्यासाठी थोडे पैसे राखणदाराकडे आधीच देऊन ठेवावेत. मालक मुंबईत, पिल्लू खालापुरात, मध्ये संकोच, आणि त्या संकोचात रात्र निघून जाते. राखणदार भावांनो, रागाच्या भीतीनं फोन टाळू नका. पातळ शी झाल्याचा फोन कुणालाच आवडत नाही, पण पिल्लू गेल्याचा फोन करणं त्याहून जड जातं. शिवाय त्याच्याशी दिवसभर खेळणारी मुलं तुमच्याच घरातली असतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नये.
२. पहिल्या आठवड्यात खाणं एकदम बदलू नये. गाईम्हशीचं दूध देऊ नये.
३. जंताचं औषध आणि लशी तारखेनुसार, वजन करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्याव्यात.
४. पिल्लाला उपाशी ठेवू नये. माणसांची किंवा गुरांची औषधं देऊ नयेत.
५. शी रोज उचलून पुरावी. मुलांनी हात धुवावेत.
६. पहिल्या पातळ शीची वेळ लिहावी. बारा तासांत सुधारणा नसेल तर दवाखाना. उलट्या, रक्त किंवा मलूलपणा दिसला तर ताबडतोब.

एवढं सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.